घरटे क्रमांक अकरा

गालजीबागच्या वाळूत माझी फेब्रुवारीची ड्यूटी:
वनखात्याची टोपी, लाल कागद लावलेली बॅटरी,
थर्मासात उरलेला घोटभर चहा.

नयनी, माझी भाची, ताळगावला दगड शिकते.
परवा फोनवर म्हणाली, मामा, आर्केलॉन.
मला वाटलं, मडगावचा कुणी डॉक्टर.
हसली. म्हणाली, कासव ते. तुझ्या कासवांचं
लांबचं कुणीतरी. पंधरा फूट.
अमेरिकेच्या मधोमध समुद्र होता तेव्हाचं.
आता तिथे गवत आहे म्हणे.

आणि इथे?
इथे सह्याद्रीसुद्धा नव्हता रे मामा.
मादागास्करपासून तुटलेली एक कड,
ओली, कच्ची,
हिला काय म्हणायचं ते ठरवायलाही कुणी नाही.

रात्री दोनला, झोप येऊ नये म्हणून,
रापणीच्या दोरीने मी पंधरा फूट मोजले.
शाबल्याची होडी तेवढीच भरली.
तिच्या शेजारी टाचेने पाठ ओढली, मान, चोच,
वल्ह्यांसारखे पुढचे दोन, मागचा डावा.
मागचा उजवा अर्ध्यावर सोडला.
म्युझियमातल्या सांगाड्याला तो नाहीच.
कुणीतरी तोडलेला, जिवंतपणी, लहान असताना.
मांडीचं हाड तिथेच खुंटलं,
बाकीचं अंग वाढत गेलं.

तीनच्या सुमाराला ती आली.
आपली नेहमीची, परातीएवढी.
माझ्या रेघांवरून फरफटत वर चढली,
चोच मोडली, मान मोडली,
होडीच्या पलीकडे सुरूंपाशी थांबली
आणि खणू लागली.

डावा पाय: वाळू उचलली, टाकली.
मग उजव्याची पाळी. उजवा नव्हता.
जाळ्याने नेलेला, जुना, भरून आलेला खुंट.
तरी तो हलला. वाकला, उचलला गेला,
नसलेली वाळू बाजूला टाकून आला.
मग डावा. मग पुन्हा खुंट.
एकही पाळी चुकवली नाही.

मी बॅटरी विझवली.
हात लावायचा नाही, हा नियम आहे.
कुणाचं जाळं, ते विचारायचं नाही,
हा आमच्या वाड्यावरचा.
माझा बापूस रापणकार होता.

खड्डा तिरका झाला. अंडी त्यातच मावली.

पहाटे भरतीने अर्धी पाठ नेली.
वहीत लिहिलं: घरटे क्र. ११. अंडी १०४.
मादी. मागील उजवा पाय नाही.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
चहा गार झाला होता, तो प्यालो.
मग लिहिलं:
खणते.