वाऱ्याने आणून टाकलेलं

ऑक्टोबरच्या वादळात ते आलं, रात्री,
कुंपणावरून, न विचारता.
सकाळी बघते तर बटाट्यांच्या वाफ्यात पालथं,
पाय आभाळात,
वारा प्यायलेलं वासरू दमून कोसळावं तसं.

ओलाफ्सविकमध्ये ट्रॅम्पोलीन उडणं नवं नाही.
एकदा एक खाडीत सापडलं होतं,
वर दोन बदकं, घरच्यासारखी.
मी दुकानाच्या दारावर चिठ्ठी लावली :
‘सापडलं आहे. निळी कड. ओळख पटवून न्या.’
हिवाळाभर कोणी आलं नाही.
चिठ्ठीवरची शाई तेवढी उडाली.

मे महिन्यात, बर्फ सरल्यावर,
मीच बसले ते जुळवायला.
मूलबाळ नाही मला. तरी का, ते विचारू नका.
तीस वर्षं मासेमारीची जाळी दुरुस्त केलेले हात
मोडकं समोर असलं की स्वस्थ बसत नाहीत.

आधी जमीन.
लेव्हलमधला बुडबुडा मधोमध येईस्तोवर माती खरवडली.
वाकलेला पाय थोर्गिल्सने ट्रॅक्टरखाली घालून सरळ करून आणला.
नको म्हटलं.
पोलाद एकदा वाकलं की त्याला वाकायची सवय लागते.
नवा मागवला. पैसे मोजताना टोचलं.

मग स्प्रिंगा. बहात्तर.
ओळीने लावायच्या नसतात त्या.
घड्याळात बाराच्या जागी एक,
दुसरी थेट समोर, सहाला,
मग तीन, मग नऊ.
एकाच बाजूने ओढत गेलं तर कापड तिकडेच झुकतं
आणि समोरची कडी हाती लागत नाही,
कितीही जीव काढा.
माझं लग्न आठवलं.
पुढची स्प्रिंग घेतली.

शेवटच्या आठांनी रडवलं.
हातमोज्यातूनही बोट चिमटलं, नख काळं झालं.
वर गादी, भोवती जाळी,
(जाळीत दोन भोकं होती, ती माझ्यासाठी काहीच नव्हती)
आणि नांगर चार, मीटरभर खोल पिळून,
बोट बांधतात तसे पट्टे आवळून.

तेव्हा कुंपणापाशी एक मुलगी उभी दिसली.
‘गादीखाली बघा,’ म्हणाली. ‘व्हेल आहे.’
होता. लाल नेलपॉलिशचा, हसरा,
शेपटीचा रंग खरवडलेला.
ह्रापनतिन्ना तिचं नाव, नऊ वर्षांची, तीन गल्ल्या पलीकडची.
‘तुमची चिठ्ठी वाचली होती आम्ही.
दोघं एकदम उडालो होतो. दागफिन्नुरचा हात मोडला.
मग बाबांनी ते बांधलंच नाही.’

म्हणजे वाऱ्यावर सोडलं होतं. अक्षरशः.
मला काही सुचेना.
मी म्हटलं, चढायचं असेल तर—
‘एका वेळी एकच,’ ती म्हणाली,
बूट काढून, चेन लावून घेत.

जूनभर शनिवारी तीच येऊन टॉर्च मागायची,
खाली पाठीवर सरकून गंज शोधायची,
मी वरून शिवण ओढून बघायची.
इथला सूर्य उन्हाळ्यात रात्रीही रजा घेत नाही,
धागा आतून जळतो, वरून कळत नाही.
नटांचे कान पिळायचे काम तिचं.
‘हा ढिला आहे,’ ती ओरडायची,
सोन्याचं नाणं सापडल्यासारखी.

सप्टेंबरात हवामानखात्याने पिवळा इशारा दिला.
सगळं उतरवायचं ठरलं.
त्या दिवशी तिच्यासोबत दागफिन्नुर आला,
डावा कोपर जरासा तिरका.
चढला नाही, हातही लावला नाही.
फक्त स्प्रिंगांची पिशवी धरून बसला
आणि मी सोडवेन ती मोजून आत टाकत गेला,
पाढे म्हणावेत तशा आवाजात.

‘एकाहत्तर,’ म्हणाला शेवटी,
आणि माझ्याकडे बघितलं.

वारा सुटायला लागला होता.
आम्ही तिघंही गवतात गुडघ्यांवर.