शेरा

तळघरातली हवा कोरडी ठेवतात
कागदांसाठी. माझा खोकला कोण मोजतो.
व्हरमाँटच्या या डोंगराळ गावांतून
आपखुशीने लढाईला गेलेल्या पलटणीचं दप्तर:
एकोणतीस खोकी आणि बुटांचा एक डबा.

हजेरीपटाचे रकाने सरळ आखलेले.
ओबेड थ्वेट. उंची पाच फूट पाच. डोळे घारे.
धंदा, लाकडी पिंपं बांधणं.
वय अठरा;
पान दिव्यावर धरलं की खाली खरवडलेला
सोळा दिसतो.

पुढे पगार, आणि पगारातून वजा:
पाण्याची बाटली हरवली, चव्वेचाळीस सेंट.
कांबळं, एक.
बंदूक, संगिनीसह.
मग शेवटचा रकाना, शेरा.
त्यात कारकुनाने, शाई वाचवत,
एकच शब्द लिहिलाय: पळाला.

बुटांच्या डब्यात त्याची आई.
मेहिटेबल थ्वेट, अकरा पत्रं,
दर पत्रागणिक अक्षर मोठं होत गेलेलं,
बहिऱ्याशी बोलताना आवाज होतो तसं.
पुरावा मागितला म्हणून
घरच्या बायबलचं जन्मनोंदीचं पान
तिने फाडून पाठवलं. ते अजून इथेच आहे.
अकराव्या पत्रात पेन्शनचं नावही नाही.
'साहेब, तो शब्द तेवढा खोडा.
माझा ओबेड अंधाराला भितो.
रात्री गोठ्यातसुद्धा एकटा जात नसे.
परक्या मुलखात, रात्रीचा,
तो एकटा कुठे पळेल?'

बारा वर्षांनी, निराळ्या शाईत, निराळ्या हाताने:
'शेरा रद्द. दुसऱ्याच पलटणीच्या इस्पितळात
ट्वेट नावाने नोंद सापडली. ताप. तिसऱ्या दिवशी मृत.'
बंदुकीचे पैसे मात्र वजाच राहिले.

तिला हे कळवलं का?
जावक वही चाळायला गेले.
त्या सालची वही उंदरांनी
कण्यापर्यंत खाल्लेली.

आता ही सगळी नावं यंत्रात भरायचं काम माझ्याकडे.
तिथेही रकाने. तिथेही शेवटी शेरा,
जास्तीत जास्त साठ अक्षरं.
बराच वेळ बोटं नुसती ठेवून बसले.
वर कुणीतरी दिवे मालवत निघालं होतं,
एकेका खोलीचे.
मी लिहिलं: अंधाराला भीत असे.

जागा बरीच उरली.