एका मिनिटाचा बर्फ

फर्नांडिस सिस्टर दर गुरुवारी म्हणायच्या,
बर्फाचा खडा मुठीत धरा, घड्याळ बघू नका,
एक मिनिट नुसता श्वास बघा.
वेंगुर्ल्याच्या शाळेतली ती मागची खोली,
भिंतीवर सातचा पाढा,
सतरंजीवर आम्ही चार पोटुशा,
आणि नवरे आपापल्या चपलांकडे बघत.

मी विसाव्या सेकंदाला खडा टाकला.
तू धरून बसलास. दुसरं मिनिट. तिसरं.
सिस्टरनी विचारलं, कामाला कुठे असतोस?
बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात,
तू म्हणालास, अकरा वर्षं झाली.
केवढे हसलो सगळे!
"तू नापास," सिस्टर म्हणाल्या.
"तुका गार लागतच नाय,
तिचा दुखणा तुका कसा कळतला?"

त्या रात्री तू जेवला नाहीस नीट.

मग घरी सराव.
मी खिडकीच्या गजांना धरून वाकलेली,
तुझा तळवा माझ्या माकडहाडावर.
इथे? खाली. इथे? अजून खाली. हां.
चार मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा,
आणि तू मोजताना पाचावर हमखास अडखळायचास,
जसं काही पाच हा आकडा कुणी तुला शिकवलाच नव्हता.
दाराआडून सासूबाई,
"आमच्या येळार असला काय नाय होता."
पण एकदा न बोलता त्यांनी उशी आणून दिली,
गुडघ्यांखाली घ्यायला.

अंतू तांडेलच्या टेम्पोतून कुडाळला गेलो, पहाटे तीनला.
मागे रिकाम्या क्रेट, बांगड्याचा वास,
प्रत्येक वळणावर तू म्हणत होतास, खांदे सैल सोड,
आणि तुझेच खांदे कानांपर्यंत गेलेले.

हॉस्पिटलात पहिल्याच तासात
शिकलेल्यातलं अर्धं वाया गेलं.
चाला, म्हणाल्या होत्या सिस्टर, उकिडवं बसा, झुला.
इथे पोटावर पट्टा, मनगटात सुई,
"हलायचं नाही हां, ताई."
नवऱ्यांनी बाहेर थांबायचं, तेही सांगून झालं.
तू दारातच उभा, हात कसे धरायचे ते न कळून.
डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
राहू दे त्याला, म्हणाल्या, पण मध्ये यायचं नाही.

यंत्राच्या कागदावर रेषा चढायची.
तुला ती आधी दिसायची, मला नंतर कळायची.
"इली गो, इली," तू हळूच म्हणायचास,
आणि मी तयार असायचे,
दाराची कडी काढून ठेवावी तशी.

असं दुपारपर्यंत चाललं.
मग नाही चाललं.
चार विसरले, सहा विसरले,
तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला,
सिस्टरचा केला, त्या सतरंजीचासुद्धा.
तू मोजत होतास आणि पाचावर अडकलास,
मी ओरडले, मोजू नकोस मेल्या!

तू गप्प झालास.
आणि मग वेगळ्याच आवाजात,
होडीवर माल चढवताना काढतोस तो आवाज,
लादी एक.
लादी दोन.
लादी तीन, सांभाळ, घसरतली. लादी चार.
पाच कधी गेली तेसुद्धा समजलं नाही.
एका कळेला चौदा लाद्या लागत होत्या.
अकरावीला कळ माथ्यावर, मग उतार,
चौदावीला होडी भरली.
पुढची होडी येईतो पाण्याचा घोट.
वॉर्डातली मावशी थबकून ऐकत होती,
हा काय मंत्र, तिने विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही.

सगळं लाद्यांनी झालं नाही, खोटं कशाला बोलू.
शेवटी कात्री लागली, सात टाके पडले,
मुलगी बाहेर आली तेव्हा
मी श्वास घेत होते की शिव्या देत होते,
आठवत नाही.

चौथ्या दिवशी तू कामावरून लवकर परतलास.
मनगटावर माझ्या नखांच्या चार चंद्रकोरी,
अजून लाल.
मुलीला घ्यायच्या आधी हात धुतलेस, पुसलेस,
आणि सहज बोलल्यासारखं म्हणालास,
आज लादी उचलताना झोंबला गो थयसर.

मी काही बोलले नाही.
गुरुवारी सिस्टरना सांगायचं म्हणून
मनात ठेवलं.