मुखत्यार

पितळेची बेअरिंगं होती. चौदा.
प्रतापनगरच्या वर्कशॉपमधून ती कुणाच्या गाडीतून गेली
हे मला ठाऊक होतं, साहेबाला तर होतंच.
साहेब म्हणाला, कानजी रावळचं नाव टाक.
मी दौतीत टाक बुडवला, झटकला,
आणि टाकलं.

पुढे स्वतःला हेच सांगत आलो:
टाकच की मी, त्याच्या बोटांतला.
शाई त्याची, शब्द त्याचा.

माझे वडील, हनोक झिराडकर,
न्यायमंदिराच्या पायरीशी पेटी मांडून
लोकांची मुखत्यारपत्रं लिहायचे.
घर विकायला मुखत्यार चालतो, म्हणायचे,
लग्न बांधायला चालतो,
काडीमोडसुद्धा दुसऱ्याच्या हातानं पोचवता येतो.
पापाला मात्र मुखत्यार नाही.
धनी एक सांगतो, धन्याचा धनी दुसरंच सांगतो;
ऐकायचं कुणाचं
हे ज्याचे कान त्यानं ठरवायचं.

बेअरिंगांचं त्यांना कधीच कळलं नाही.
ते गेल्यावर एका रात्री माझं मलाच सुचलं
की टाकाला कान नसतात.

दारफाळणीच्या सणाला आम्ही पांढरे कपडे घालतो,
दार आतून लावतो, पाण्याचा थेंबही घेत नाही.
एकतीस वर्षं लावलं मी दार.
आत देव आणि मी.
कानजी बाहेर, सायकल धरून उभा.
देवाच्या खात्यातलं देव पुसेल,
कानजीचं पुसायला कानजीच लागतो.

बत्तिसाव्या वर्षी, सणाच्या आदल्या सकाळी
वाडीत त्याचं घर शोधत गेलो.
तो सात वर्षांपूर्वीच गेला होता.

ज्याचा अपराध केला तो मेला असेल
तर दहा जण घेऊन कबरीपाशी जावं,
मोठ्यानं सांगावं, असं शास्त्र आहे आमच्यात.
कबर कुठली! राख चांदोदला, नर्मदेत.
आणि दहा जण? या शहरात आम्ही उरलो चार,
त्यातल्या एकाला ऐकू येत नाही.

खाली दुकानात मुलगा शेव पाडत होता. महिपत.
मी अर्धंच बोललो असेन.
जवा दो ने, काका, म्हणाला,
साहेबाचा हुकूम, तुम्ही तरी काय करणार?
कढईत शेव फुलून वर आली
तेवढा वेळ मी हो म्हणणारच होतो.

मग त्यानं हात पुसले, ट्रंकेतून कागद आणला.
बडतर्फीची नक्कल, घडीवर फाटलेली.
बापूजींना वाचता येत नव्हतं, म्हणाला,
पण म्हणायचे, या कारकुनाचं अक्षर बघ, मोती.
याच कागदावर पाटी धरून
मला गिरवायला बसवायचे.

साहेबाची सही कोपऱ्यात, उडून गेलेली.
बाकी सगळा मी.

खिशात फंडाचे पैसे होते. ते नंतर.
आधी माणसं मोजली:
महिपत, त्याची बायको, (जुन्या मोजणीत ती धरत नाहीत, मी धरली)
दोन रिक्षावाले, गॅसवाला, शाळेच्या तीन मुली,
उधारी मागायला आलेला एक.
नऊ.
थांबलो. शेव दुसऱ्यांदा तळून झाली.
कुणाचा तरी पोरगा डबा घेऊन आला,
पावशेर गाठिया, म्हणाला.

त्याला म्हटलं, जरा थांब बाळा.
ओठांवर 'साहेब' आला होता.
तो गिळला.
'मी,' म्हणालो.