मानवणं

जिराफ खाली आला की घड्याळ सुरू होतं.
डोळ्यांवर टॉवेल, कानांत कापूस,
आणि मानेवर आम्ही चौघे,
पडलेल्या ओंडक्यावर बसावं तसे.
कातड्याखाली धाड, धाड.
मी खरं तर ड्रायव्हर. वेतारुहे.
ओचिवारोंगोच्या पुढे डांबर संपतं
तिथून पुढचा रस्ता माझा.
पण मान धरायला नेहमीच माणसं कमी पडतात.

डॉक्टर तुयेनी आकडा वाचतात : दोनशेवीस.
मी हात काढून घेतो, भाजल्यासारखा.
त्या म्हणतात, छान. ह्याचा असाच असतो.

दोनशेवीस.
कांजीचा, माझ्या भावाचा, दोनशे भरला होता
तेव्हा सिस्टर आलेताने त्याला
बाकावरून उठूसुद्धा दिलं नव्हतं.

रात्री शेकोटीपाशी विचारलं, हे कसं काय?
त्यांनी काठीने वाळूत एक लांब रेघ ओढली.
हा दोरा, यकृताने सोडलेला.
मूत्रपिंडाची कात्री तो एकदा कापते,
फुप्फुसातली दुसरी पुन्हा कापते,
शेवटी उरतात आठ मणी.
आठच. तेवढ्याने धमनीच्या भिंतीतलं कुलूप उघडतं,
कॅल्शियम आत घुसतं
आणि भिंत मूठ आवळते.
मूत्रपिंडावरच्या टोपीला निरोप जातो : मीठ सोडू नका.
आणि मूत्रपिंड बिचारं
खाल्ल्या मिठाला जागतं.

मला कांजीचं ताट आठवलं.
पहिला घास तोंडात जायच्या आधीच
'मीठ कमी आहे.'

त्या सांगतच होत्या.
रक्तवाहिनीला 'सैल हो गं' म्हणणारा एक वायू असतो,
जेमतेम काही क्षण जगतो.
ठिणग्या उडतात त्या नेमक्या त्यालाच गाठतात.
मग हृदय जाड होतं,
ताकदीने नव्हे, धाग्यांच्या मधे चामडं भरून.
मूत्रपिंडातल्या गाळण्या एकेक करून बुजतात.
आवाज होत नाही. दुखत नाही.

हे मला वाळूत काढून दाखवायची गरज नव्हती.
आठवड्यातून तीनदा विंडहुक, अडीचशे किलोमीटर,
डायलिसिसच्या खुर्चीपर्यंत मीच नेत होतो त्याला.
जाताना तो बोलायचा.
येताना नाही.

आणि जिराफाचं?
त्याच्याकडेही तेच आठ मणी, तेच कुलूप.
तरी हृदय जाड पण मऊ,
गाळण्या स्वच्छ, डोळ्यांचे पडदे कोरे.
एका जनुकात सात अक्षरं वेगळी सापडलीत, त्या म्हणाल्या,
बाकीचं अजून कुणाला नीट माहीत नाही.
ते जनुक उंदरांना दिलं, वर आठ मणी टोचले,
तर ते बरेच सुखरूप राहिले.
'त्यांची मान वाढली का?' मी विचारलं.
त्या इतक्या हसल्या की चहा सांडला.

म्हणजे ह्याला मानवतं, मी म्हटलं.
हो, मानवतं.

मग बराच वेळ लाकडंच तडतडत होती.
लाखो वर्षं घेतली त्या मानेने
एवढा दाब मानवून घ्यायला.
आमचे आजोबा गुरांमागे चालायचे, आंबट दूध प्यायचे.
पिशवीतलं खारं मांस, पुड्यातलं सूप
आणि दिवसभर बसून चालवायची ही गाडी,
सगळं दोन पिढ्यांत.
आम्हाला वेळ कुणी दिला?

सकाळी दुसरा पाडला. उताऱ्याची सुई,
आम्ही बाजूला पळालो.
आधी डोकं, मग गुडघे,
बघता बघता ते डोकं वर, बाभळीच्याही वर,
आणि त्याला भोवळ आली नाही.
मी खुर्चीवरून उठलो तरी डोळ्यांपुढे अंधारी येते.
तो निघून गेला, मागे न बघता.

गाडीच्या खणात, पान्याखाली,
सिस्टर आलेताने दिलेली पट्टी होती.
चौदातल्या दोन संपलेल्या.
दुसऱ्या कात्रीची धार बोथट करणारी गोळी,
हे मला कालच कळलं.
तिने कोरडा खोकला येतो, म्हणून मी टाळत होतो.

मान मागे टाकून एक गिळली.
फाटकापाशी पोचेपर्यंत खोकला सुरू.
'काय झालं?' मागच्या सीटवरून डॉक्टर.
काही नाही, म्हटलं.
मानवतंय का बघतोय.