पाकळी

अंगावरून वारं गेलं, असं सगळे म्हणतात.
मी तांडेल. मतलय ओळखतो, खारा ओळखतो,
हा कुठल्या दिशेनं सुटला ते कळलं नाही.
मंदाकिनी आदोळीवर तिसऱ्या उघडत बसली होती,
हातातली एक तशीच राहिली,
अर्धी उघडी.

आज सत्तेचाळीसावा दिवस.
ओरोसचं इस्पितळ, खाट चौदा.
नारळी पुनवेला होड्या गेल्या, मी गेलो नाही.
इथून दर्या दिसत नाही. वाऱ्याला थोडं मीठ असतं
म्हणे, संध्याकाळचं. हेही तीच सांगते,
निम्म्या ओठांनी.

जाळ्याची गाठ मी झोपेतही मारीन,
पण केस म्हणजे नायलॉन नव्हे, सुटतात.
माझी पहिली वेणी बघून शेजारच्या खाटेवरची
कलमठची बाई तोंडाला पदर लावून हसली.
आठवड्यानं तिनंच रिबीन दिली,
तिच्या नातीची, निळी.

व्यायामाला येणारा पोरगा लांज्याचा.
उचलायला प्लास्टिकचे मणी देतो.
तिला मणी बघून राग येतो.
मग मी शिंपल्या आणल्या, दहा पाण्यांनी धुतलेल्या,
तरी वास आलाच, सिस्टर ओरडली.
दुसऱ्या दिवशी सिस्टरच विचारते, आज किती?
तीन.
काल पाच होत्या.
असंही होतं.

देव तिचा. मी फक्त नारळ सोलून द्यायचो.
ती म्हणाली, जा, कौल लाव.
जायचं नव्हतं, पण पेजेचा चमचा तिनं
तोंडाशी येऊ दिला नाही, म्हणून गेलो.
गुरवानं पाषाणाला ओल्या पाकळ्या लावल्या,
उजवीकडे, डावीकडे,
गाऱ्हाणं घातलं, आम्ही तिघे-चौघे व्हय म्हाराजा म्हणालो,
माझा आवाज मलाच परका.
उजवी पडली तर बरं.
देव समोर असला की त्याची उजवी
माझ्या डावीकडे येते, हे मला तिथं पहिल्यांदा सुचलं,
आणि तिची तर उजवीच गेलीय.
पडली नाही. कुठलीच पडली नाही.
समई दोनदा वातवली, दुपारची गाडी चुकली.
गुरव म्हणाला, देव विचारात आहे.

खोटं बोलायचं ठरवूनच मी गाडीत बसलो होतो.
कसाल येईपर्यंत पाठ केलं होतं, उजवी, लगेच, टपकन.
ती म्हणाली, "खंयची पडली?"
माझ्या तोंडून निघालं,
"पडाक नाय. देव इचार करता."
ती हसली.
दीड महिन्यात पहिल्यांदा, वाकडं, लाळेसकट,
"तुझ्यासारखोच मेलो,
जेवक काय करू इचारला तरी दोन तास."

रात्री बारानंतर वॉर्डात पंखाच काय तो बोलतो.
तिनं उशाशी ठेवलेल्या फुलाची पाकळी तोडली,
डाव्या हातानं. मग उजव्यात दिली.
जिभेवर ओली केली.
तो हात माझ्या कपाळाकडे निघाला.
होडी रेतीवरून ढकलताना जसं
वीतभर पुढे, बोटभर मागे.
मध्येच खाली पडला. पुन्हा निघाला.
मी धरायला गेलो तर, "हलू नको."

पाकळी चिकटली.
गार होती.
ती डोळे मिटून काहीतरी घालत होती,
गाऱ्हाणं असेल, शब्द अर्धेच येत होते,
मी हुंकारसुद्धा दिला नाही,
श्वासही जपून घेतला, पडू नये म्हणून.
मान दुखायला लागली, नाकाशी डास.
समोर कुणी एवढं मागत असताना
नुसतं स्थिर राहायचं,
हे काम त्या पाषाणाचं आहे,
रोज, सगळ्या गावासाठी.

पहाटे सिस्टर ताप बघायला आली,
म्हणाली, तांडेल, कपाळाला काय लागलंय?
मी बोट ओठांवर ठेवलं.
मंदाकिनी झोपली होती,
मूठ अर्धी उघडी.