पावती पुस्तक

हिंगण्याच्या गेट नंबर दोनसमोर
पगाराच्या दुसऱ्या दिवशी मी बसतो, निंबाखाली.
मांडीवर पावती पुस्तक, मध्ये निळा कार्बन.
बावीस वर्षं झाली,
अंगठा काही पांढरा होत नाही.

पन्नास रुपये. नाव, टोकन नंबर, सही.
मूळ प्रत त्याची,
नक्कल युनियनची.

मार्चात गणेशपेठेच्या ऑफिसात ठराव झाला:
आमचे अठराशे सभासद
अमक्या उमेदवाराच्या पाठीशी ठाम उभे आहेत.
दिगंबरजींनी वाचला, अकरा हात वर गेले.
अकरावा माझा.
अठराशेंना कुणी विचारलं का,
हे विचारायला बारावा हात लागला असता.

पेपरात फोटो आला, हारासकट.
दुसऱ्या दिवशी हेडाऊच्या टपरीवर
त्याच पानावर तर्रीपोहे.
फाउंड्रीतला सोमकुवर बोटं चाटत म्हणाला,
"खजिनदार, माह्या पन्नास रुपयात
माह्यं डोकं बी गेलं काय जी?"
मी पावती फाडली,
नीट, भोकांच्या रेषेवरून.

खरं सांगायचं तर
याच सोमकुवरची दोन बोटं प्रेसखाली गेली
तेव्हा विम्याच्या दवाखान्यात रात्रभर
बाकड्यावर बसून होते ते दिगंबरजीच.
भरपाईचा चेक निघेस्तोवर
त्यांनी मालकाला धड जेवू दिलं नाही.
सोमकुवर विसरला नाही ते.
आजही वाकून नमस्कार करतो.
मग डाव्या हाताच्या उरलेल्या बोटाला
शाई लावून घेतो
आणि बटन दाबतो त्याच्या मनातलं.

जूनमध्ये बूथवार आकडे आले.
वसाहतीच्या चारही बूथवर
आमचा माणूस तिसरा.

दिगंबरजींनी चष्मा काढला. किती म्हातारे दिसले.
"कोण फुटलं? नावं काढ बे."
मी पुस्तक उघडलं.
निखारे, भरले. चिचघरे, भरले. उईके, भरले.
सोमकुवर, भरले, पुढच्या महिन्याचेही.
एकाचीही बाकी नाही.
"मताले कार्बन नसते, जी."

ते बघत राहिले
माझ्या निळ्या अंगठ्याकडे,
मग त्याच्या शेजारच्या बोटाकडे,
जिथे नखाच्या मुळाशी काळी रेघ अजून होती.
"अन् तुह्यं?"

कूलरची टाकी कोरडी पडली होती,
नुसताच गरम वारा फेकत होता.
मी उठलो,
नळाखाली बादली लावली,
आणि ती भरेपर्यंत
तिथेच उभा राहिलो.